दोन टोपल्या

शिशुवर्गाच्या बाईंना एका गोष्टीचा फार अभिमान होता, आणि अभिमान थोडा झाकून ठेवावा हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शहरातल्या बाकीच्या शिशुवर्गांतली पोरं वर्ष संपत आलं तरी वाघाला गोठ्यात नि मेंढीला जंगलात पाठवत. बाईंची पोरं मात्र चोवीस लाकडी प्राणी दोन टोपल्यांत असे टाकत की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. पाळीव एका टोपलीत, जंगली दुसऱ्या टोपलीत, पापणी लवायच्या आत. दुसऱ्या शाळांच्या शिक्षिका मुद्दाम बघायला यायच्या आणि विचारायच्या, हे तुम्ही करता तरी कसं? बाई पदर सारखा करत म्हणायच्या, "काही नाही हो, मुळात प्रेम पाहिजे." त्या बिचाऱ्या तेवढंच वहीत लिहून घेऊन जायच्या.

सव्वीस वर्षं बाई त्याच खोलीत शिकवत होत्या. शाळेच्या मागच्या अंगाची खोली, दोन खिडक्या, गुडघ्याएवढी टेबलं, भिंतीवर दप्तरांसाठी खुंट्या. तीन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंतची एकोणीस पोरं एकत्र बसत. नाकं पुसायला, पाणी भरायला आणि बाईंची बोलणी खायला एक मावशी होत्या. त्याही बाईंइतक्याच जुन्या.

वर्गातून पुढे जाणाऱ्या प्रत्येक मुलाचा अहवाल बाई लिहीत. तो शिक्षण कार्यालयात जाई आणि त्यावरून ठरे, पोर मोठ्या शाळेत पहिलीला बसणार की खालच्या शाळेत. खालची शाळा म्हणजे उतारावरची बैठी इमारत. डोक्याने मंद ठरलेल्या मुलांची. तिथे वाचायला जेमतेम शिकवत, पुठ्ठ्याची खोकी घडवायला मात्र छान शिकवत. एकदा तिथे गेलेलं पोर वर चढून आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. बाई अहवाल मन लावून लिहीत आणि प्राण्यांच्या परीक्षेला सगळ्यात जास्त वजन देत. ज्याला गाय नि वाघ वेगळे करता येत नाहीत त्याला अक्षरं काय वेगळी करता येणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या शिफारशीने आजवर दहा मुलं खाली गेली होती. या वर्षी अकरावं जायचं होतं. त्याला बाई गोगलगाय म्हणत.

गोगलगाय साडेपाच वर्षांचा होता. सगळं सावकाश. चपला काढायला पाच मिनिटं, आपलं नाव सांगायला दोन. प्राणी वेगळे करायला बसवलं की तो एकेक हातात घेऊन छताकडे बघत बसायचा आणि शेवटी उंदीर पाळीवांत टाकायचा, मांजर जंगलात. चोवीसपैकी दहा चुका. बाईंनी तीनदा परीक्षा घेतली, तीनदा तेच. बाईंनी अहवालात "वर्गीकरणाची समज नाही" असं लिहिलं, खालच्या शाळेची शिफारस केली आणि कागद पाठवून दिला. यादी शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होती.

त्याच आठवड्यात पोरांच्या तोंडात फोड यायची साथ आली. लहान पोरं हाताला येईल ते तोंडात घालतात, म्हणून मावशींनी सोमवारी दुपारी चोवीसच्या चोवीस प्राणी सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकले आणि चांगले घासले. मंगळवारी सकाळी प्राणी स्वच्छ, कोरडे, टेबलावर रांगेने उभे होते. बाईंनी नेहमीसारखी टाळी वाजवली.

पहिली उठली टाचणी. वर्गातली सगळ्यात तल्लख मुलगी, म्हणून ते नाव. तिने गाय उचलली, उलटी केली, पोटाकडे बघितलं आणि तशीच उभी राहिली. मग घोडा उलटा केला. मग कोल्हा. मग तिचे ओठ थरथरायला लागले.

"बाई, ही गाय कुठली आहे ते दिसतच नाही!"

"कुठली म्हणजे? गाय कुठे राहते?"

"मला नाही माहीत. ठिपका गेला."

बाईंना आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांना खुर्ची ओढून बसावं लागलं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्यांनीच ते ठिपके लावले होते. संध्याकाळी आवरताना कुठला प्राणी कुठल्या खोक्यात जातो याचा मावशी रोज घोळ घालायच्या, म्हणून दारांना रंग दिल्यावर उरलेल्या डब्यांतून बाईंनी प्रत्येक प्राण्याच्या पोटाखाली एकेक ठिपका काढून दिला. पाळीवांना गडद लाल, जंगलींना गडद हिरवा. मावशींचा घोळ मिटला आणि बाई ते विसरूनही गेल्या. पोरं प्राणी उलटे करून बघतात हे त्यांना रोज दिसत होतं, पण लहान पोरं काय, पाण्याचा पेलासुद्धा उलटा करून बघतात.

"तुला हे कुणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

"माझ्या ताईने. लाल इकडे, हिरवं तिकडे. तिला तिच्या आधीच्या मुलांनी सांगितलं होतं. सगळ्यांना माहितीये बाई!" टाचणीला बाईंच्या अज्ञानाचं नवल वाटत होतं.

बाईंनी एकेकाला पुढे बोलावलं. सतरा पोरांचा सपशेल बोजवारा उडाला. एकाने सिंह आणि कोंबडी जोडीने एका टोपलीत टाकली आणि बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला, चेहऱ्यावरून काही अंदाज येतो का म्हणून. तेवीस वर्षं लोक बघायला येत होते ते हे होतं.

शेवटी गोगलगाय उठला. त्याने काहीच उलटं केलं नाही. त्याने गाय घेतली, थोडा वेळ छताकडे बघितलं आणि पाळीवांच्या टोपलीत ठेवली. "हिला माणूस खायला घालतो," तो स्वतःशीच म्हणाला. वाघाला, कोल्ह्याला, अस्वलाला जंगलात पाठवलं. मांजर हातात घेऊन तो बराच वेळ थांबला. "ही तिला वाटेल तेव्हा येते, वाटेल तेव्हा जाते," म्हणाला आणि तिला दोन्ही टोपल्यांच्या मध्ये ठेवलं. उरला उंदीर.

"हा घरात राहतो, पण त्याला कुणी बोलावलेलं नसतं," तो म्हणाला. "बाई, तिसरी टोपली नाही का?"

बाईंनी हळूच विचारलं, "तू ठिपके का नाही रे बघायचास?"

"बघायचो की. सगळ्यांना एकच रंग होता."

पोरं फिदीफिदी हसली. बाईंनी खडूंच्या डब्यातून लाल आणि हिरवा खडू काढून त्याच्यासमोर धरला. कुठला लाल? गोगलगायीने दोन्ही खडूंचा वास घेतला, आणि मग अंदाजाने हिरव्यावर बोट ठेवलं.

त्या दुपारी पोरं गेल्यावर मावशी रंगाचे दोन छोटे डबे नि एक ब्रश घेऊन आल्या. त्या रडवेल्या झाल्या होत्या.

"बाई, चूक माझीच. मला काय ठाऊक उकळल्यावर रंग जाईल? मी लावते परत. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

आणि खरं सांगायचं तर बाईंनी ब्रश हातात घेतला. त्यांना दोष द्यायला सोपं आहे, पण सव्वीस वर्षांचं नाव एका सकाळी धुऊन निघालेलं बघायला छाती लागते. गाय झाली, घोडा झाला, शेळी झाली. ठिपका काढताना त्या मनाशी हिशेब मांडत होत्या, पोरगा मुळात सावकाशच आहे, खाली गेला तर सुखाने राहील, तिथे कुणी घाई करत नाही. चौथा प्राणी उचलला आणि त्यांना त्या दहा जणांची आठवण झाली. नावांची नव्हे, आकड्याची. ब्रश ठेवून त्या कपाटाकडे गेल्या.

जुन्या अहवालांच्या प्रती खालच्या कप्प्यात होत्या. जमिनीवर बसून बाईंनी दहाही वाचले. दहापैकी नऊ मुलगे, एक मुलगी. मुलीचं वेगळं होतं, तिला ऐकू कमी येत असे. पण नऊ मुलग्यांच्या चुका एकाच छापाच्या होत्या. उंदीर घरात. मांजर बाहेर. हत्ती पाळीवांत, आणि त्यापुढे बाईंच्या स्वतःच्या अक्षरात: "विचारले असता 'त्याच्यावर माणूस बसतो' असे असंबद्ध उत्तर देतो." बाईंनी ते वाक्य तीन वेळा वाचलं. त्यात असंबद्ध काय होतं? बाकीची पोरं रंग बघत होती. या नऊ जणांना रंग दिसत नव्हता, म्हणून वर्गात प्राण्यांचा विचार करणारे तेवढेच होते. विचार करणाऱ्याच्या चुका होतातच. बाईंनी त्या मोजल्या आणि पोरं उताराने खाली पाठवून दिली.

त्या तिथेच बसून रडल्या. मावशींनी पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं.

बुधवारी बाईंनी कार्यालयात खेटे घातले. साहेब बैठकीत, साहेब जेवायला, साहेब आत्ताच गेले. गुरुवारी सकाळी त्या दार उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. साहेब सज्जन होते आणि सज्जन माणसं कधीकधी फार अवघड असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, परत लावला.

"बाई, या एका मुलाचं होईल. तुम्ही लेखी द्या, परीक्षेत दोष होता म्हणून. घरच्यांपैकी कुणाची तरी सही आणा. उद्या पाचच्या आत. यादीतून नाव काढतो."

"आणि आधीचे?"

"आधीचे मोठे झाले आता. ते उकरून काय मिळणार? त्यांची नावं लिहिलीत तर चौकशी लागेल. तुमचा वर्ग जाईल, मीही काही करू शकणार नाही. एकाच मुलाचं लिहा. माझं ऐका."

बाईंनी ऐकलं आणि बाहेरच्या बाकावर बसून उलटंच केलं. ठिपके, रंग, तेवीस वर्षं, सगळं लिहिलं. खाली गोगलगायीचं नाव लिहिलं आणि त्याखाली त्या नऊ मुलांची. अक्षर पोरासोरांसारखं आलं. पण कागद फाडून पुन्हा लिहायची त्यांची इच्छा नव्हती.

तिथून त्या थेट गोगलगायीच्या घरी गेल्या. त्याची आई दारातच कपडे वाळत घालत होती. नवरा कामासाठी लांब, ती भावाच्या घरी राहत होती. तिने चिमटे तोंडात धरूनच सगळं ऐकलं आणि मग ते काढून हातात घेतले.

"ते रंगाचं खरं आहे बाई. मामावर गेलाय. माझा भाऊ टोमॅटो पिकलाय का ते दाबूनच बघतो. पण सही मी नाही करायची."

"अगं, का? पोराच्या जन्माचा प्रश्न आहे!"

"भाऊ खालच्याच शाळेत शिकला. पोर तिथे जाणार कळल्यावर इतका खूश झाला, नवीन दप्तर घेऊन आला. म्हणाला, मी सोडायला जाईन रोज. आता मी सांगू त्याला, की ती शाळा माझ्या पोराला चालत नाही? आमचं घर तो चालवतो. त्याने सही केली तर माझी ना नाही. तुम्हीच विचारा त्याला." मग म्हणाली, "ओळखाल ना? तुमच्याच वर्गात होता तो."

बाईंनी त्याचं नाव विचारलं. ते कागदावर होतं. नवांतलं दुसरं. चेहरा आठवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला, घरी जाईपर्यंत करत राहिल्या, पण काही केल्या आठवेना. ज्या पोराचा जन्म आपण एका कागदाने ठरवला, त्याचं नाक कसं होतं तेसुद्धा आपल्याला माहीत नाही, याची त्यांना इतकी शरम वाटली की त्या दिवशी त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही.

शुक्रवारी पोरं मावशींवर सोपवून बाई दुपारीच मामा काम करायचा त्या खोक्यांच्या गोदामात गेल्या. मुकादमाने आधी त्यांना दारात अडवलं, मग कामाच्या वेळात भेट नाही म्हणाला, मग चारच्या सुट्टीपर्यंत बाहेर ताटकळत ठेवलं. चार वाजून दहा मिनिटांनी त्या आत गेल्या. पुठ्ठ्याचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले, हवेत भुसा. कोपऱ्यातल्या टेबलाशी एक उंच, खांद्याने वाकलेला माणूस खोकी घडवत होता. सुट्टी असूनही त्याचे हात थांबले नव्हते. चार घड्या, एक चापट, खोकं तयार. तो बाईंना बघून उभाच राहिला.

"बाई!" तो म्हणाला, आणि हात पँटला पुसले. "तुम्ही इथे कशा? बसा ना." त्याने त्यांच्यासाठी एक गठ्ठा पुढे ओढला. तो ओळखत होता आणि त्या ओळखत नव्हत्या. बाई ते बोलल्या नाहीत.

त्यांनी सगळं सांगितलं. भाच्याचं सांगितलं, ठिपक्यांचं सांगितलं. तो मान डोलवत होता.

"म्हणजे पोरगा हुशार आहे?"

"आहे. मला वाटतं माझ्या वर्गात सगळ्यात जास्त."

"मला वाटलंच होतं." तो मनापासून हसला. "मला काय काय विचारतो, उत्तर देता देता नाकी नऊ येतात. मग वरच्या शाळेतच जाऊ दे की! ताई वेडी आहे. मला कशाला वाईट वाटेल? द्या, कुठे करू सही? पण आधी वाचून दाखवा, मला जोडाक्षरं जड जातात."

बाईंनी वाचायला सुरुवात केली. घड्याळात साडेचार वाजत आले होते, कार्यालय वीस मिनिटांवर. नावांपाशी त्या अडखळल्या, पण वाचली. दुसरं नाव आलं तेव्हा मामाचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त डोळे बदलले.

"माझं नाव कशाला त्यात?"

"तुझ्याही बाबतीत तेच झालं. तू ढ नव्हतास रे. कधीच नव्हतास. चूक माझी होती. मी तुझी माफी मागायला आले आहे."

त्याने टेबलावरचा एक पुठ्ठा घेतला, घडी घातली, परत उलगडली.

"ते खोडा, बाई."

"नको असं म्हणूस. खरं आहे ते."

"खोडा. मग सही करतो." तो रागावला नव्हता, समजावल्यासारखा बोलत होता, लहान मुलाशी बोलावं तसा. "आई म्हणायची, देवाने तुला बुद्धी कमी दिली, त्याला कुणाचा इलाज नाही. मी म्हटलं ठीक. लग्न ठरत होतं, मोडलं. ठीक. इथे बारा वर्षं झाली, मुकादम माझ्या मागून आले नि मुकादम झाले. ठीकच की, आपल्याला जमलं नसतं. आता तुम्ही म्हणता जमलं असतं. मग मी ते सगळं घेऊन कुठे जाऊ? उद्या सकाळी मला इथेच यायचंय."

"पण तू ढ नाहीस!" बाई जवळजवळ ओरडल्या.

"आहे, बाई," तो म्हणाला. "तुम्ही नीट बघूनच लिहिलं असणार."

पावणेपाचला दहा मिनिटं होती. मामाने आपल्या खिशातलं पेन काढलं, झाकण उघडलं आणि त्यांच्यापुढे धरलं. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. दुसरा रस्ता असता तर त्यांनी तो घेतला असता. त्यांनी पेन घेतलं आणि तेवीस वर्षांनी दुसऱ्यांदा, आपल्या हाताने, त्याला ढ ठरवलं. नावावर एक आडवी रेघ ओढली.

"नीट खोडा, दिसायला नको," तो म्हणाला. त्यांनी नीट खोडलं.

मग त्याने जीभ दातांत धरून, एकेक अक्षर जोडत सही केली. दोनदा तपासून बघितली. कागद फुंकर मारून वाळवला, घडी घालून त्यांच्या हातात दिला आणि दारापर्यंत सोडायला आला.

"पळा बाई," तो म्हणाला, "पोराला उशीर व्हायला नको."